टिल्लू काकूंचा नकार

"एक नाड आली हो वहिनी, नाहीतर मुलगा म्हणजे अगदी हिरा!"

मी जिन्यातच थबकले. वर टिल्लू काकू फोनवर बोलत होत्या. ज्या मुलाबद्दल बोलणं चाललं होतं त्याला त्यांनी सकाळीच आमच्या आईसमोर 'निरा बावळट' ठरवलं होतं, आणि मुलीकडच्यांचा नकारही मुलीला तो आवडला नाही म्हणूनच होता. पत्रिका कुणी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती.

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "अशी काय बघतेस? आता ती माउली सुखाने जेवेल. खरं कारण सांगून मला काय मेडल मिळणार होतं?"

माधव नगरात आमच्या वरच्या मजल्यावर काकू एकट्या राहायच्या. काका रेल्वेत होते, ते गेले, मुलगा कॅनडात. उज्जैन, देवास, इंदूरच्या मराठी घरांत लग्नं जुळवणाऱ्या बायका पुष्कळ, पण नकार पोचवायचा तो काकूंनीच. नकार ऐकून लोक वर त्यांनाच चहाला थांबवून घेत. त्याचं त्यांचं एक शास्त्र होतं. "मुंबई-पुण्यात मंगळ चालतो," त्या सांगत, "उज्जैनात बिलकुल नाही. इथे लोक लगेच रिक्षा करतात, मंगळनाथाला भातपूजा करून मंगळ शांत करतात आणि संध्याकाळी परत दारात हजर! नाडीला तशी तोड नाही. आपण नाडीच सांगायची."

नातसून कॅनडाची आली तेव्हा काकूंनी इंग्रजी शिकायचं ठरवलं आणि मला पकडलं. "तू इंग्लिश मीडियमची. रोज एक क्रियापद दे. नामं मला टीव्हीवर मिळतात." मी घरातसुद्धा मोजकंच बोलणारी मुलगी. नंतर आईकडून कळलं की काकू तिला म्हणाल्या होत्या, "शिकवायला बसली म्हणजे पोरगी तोंड तरी उघडेल."

एका दुपारी 'स्वीटन' आलं. मी म्हटलं, चहात साखर घालणं म्हणजे स्वीटन करणं. काकूंनी मान हलवली. मग मी सांगितलं की रागावलेल्या माणसाला गोडीत आणणं, खोलीतली कुबट हवा छान करणं, देवघेवीत समोरच्याने हो म्हणावं म्हणून वर काहीतरी घालणं, या सगळ्याला हाच शब्द चालतो. काकू खुर्चीत सरळ झाल्या. "अगं बेटा, मी जन्मभर हेच करून राहिले, आणि इंग्रजांकडे त्याला शब्द आहे!"

तेव्हापासून तो शब्द त्यांच्या तोंडून सुटला नाही. "फ्रीगंजला जाऊन आले, त्या दुकानदाराला जरा स्वीटन केलं, मग साडी बदलून दिली." कारल्याच्या भाजीत गूळ घालताना, "हे बघ, स्वीटन." 'शुगरकोट' हा शब्द मात्र त्यांना बिलकुल पटला नाही. "ती डॉक्टरची गोळी झाली. वरून गोड, आत जहर. आपलं तसं नाही हं. काढा आधी कडू उकळू द्यायचा, मग गूळ घालायचा. आधीच गूळ घातला तर त्याचं सरबत होतं, आणि खोकला तसाच राहतो."

गेल्या वर्षी काकू गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला नकार द्यायची वेळ न आणता. तेराव्याला जो तो म्हणत होता, काकूंनी कधी कुणाला दुखावलं नाही. ऐकताना मला एक दुपार आठवत होती, त्यांचा गूळ आधी पडला ती.

देवासचं एक स्थळ मला बघून गेलं होतं. मुलगा वाईट नव्हता. पण निघताना त्याची आई खुशीत म्हणाली, "शांत आहे हो मुलगी, आम्हांला अश्शीच हवी. घरात बोलायला मी आहेच." मुलगा हसला. मी त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंना एवढंच सांगितलं, "मला नकोय." त्यांनी माझ्या डोक्यावर हात फिरवला आणि माझ्यासमोरच फोन लावला.

माझ्यासाठी बोलायचं म्हणून असेल, त्या गडबडल्या. "मुलीला तुमचं घर फार आवडलं हो. ती तुमचं इतकं कौतुक करते! फक्त मुलाला मंगळ आहे ना, म्हणून जरा..." मी डोळे विस्फारले. मंगळ! उज्जैनात! काकूंनी जीभ चावली, पण पलीकडून फोन ठेवलासुद्धा होता.

रविवारी सकाळी ती मंडळी सरळ मंगळनाथाहून आमच्या दारात आली. मुलाच्या कपाळावर ओला टिळा, आईच्या हातात प्रसाद आणि पेढ्यांचा डबा. "भातपूजा करूनच आलो! आता मंगळाचं टेन्शन खतम. साखरपुड्याचं ठरवून टाकू." माझ्या आईने गडबडीने पोहे केले, वर शेव घातली. काकूंना वरून बोलावून आणलं.

"अहो, तसं नव्हे," काकू म्हणाल्या. "म्हणजे मुलगी तर खूश आहेच, पण..." खरं सांगितलं तर इतक्या घरांत इतकी वर्षं दिलेली कारणं खोटी ठरणार. न सांगितलं तर माझा साखरपुडा. त्या बशीतले पोहे नुसते चिवडत राहिल्या. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मुलाची आई माझ्याकडे बघून हसली. "बघा, अजून एक शब्द नाही. किती गोड!"

मी काकूंच्या हातातली बशी घेऊन खाली ठेवली. आधी कडू, मग गूळ, असं मनात म्हटलं आणि त्या बाईंकडे बघून मोठ्याने बोलले, "मला हे लग्न करायचं नाही. यात मंगळाचा दोष नाही आणि काकूंचाही नाही. मला माझ्या घरात बोलायचं आहे, म्हणून नाही म्हणते. तुम्ही सकाळपासून उपाशी असाल, मावशी. पोहे गरम आहेत, खाऊन जा."