वाघ्याच्या कंबरेचा फोटू

गेले त्याच दिवशी सकाळी हरेश्वरतात्यांनी वाघ्याला शिकेकाईने न्हाऊ घातलं नि कपाळावर कुंकू लावलं. कशाला म्हणाल, तर बोईसरला त्याचा फोटू काढायचा होता.

वाघ्या म्हणजे दहा महिन्यांचा लॅब्राडोर, समुद्रात टाकलेला नारळ पोहून परत आणणारा. त्याची आई तिसऱ्याच वर्षी कंबरेतनं बसली, म्हणून तात्यांना घोर.

तिथला जनावरांचा डॉक्टर हसतच सुटला. "तात्या, हाडांचा फोटू हाय हा! कुंकू कुठं दिसणार?"

"तुमाला नाय दिसणार. देवाला दिसतंय ना?"

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरला दाखवून कार्ड टाकतो, असं तो म्हणाला. गावी माहीमला घरी पोचताच तात्या पोस्टमनची वाट बघायला ओट्यावर बसले.

त्यांची बायको मंगलाकाकू म्हणाल्या, "अवो, फोटू अजून बोईसरलाच हाय!"

दुपारी वाघ्याच्या कंबरेवर हात ठेवूनच तात्या गेले.

दहाव्याला समुद्रावर पिंडाला कावळा शिवेना. लेक म्हणाला, "आईला सांभाळीन." भाऊ म्हणाला, "वाडी विकणार नाय." कावळा माडावरच.

तेवढ्यात पोस्टमन सायकल ढकलत रेतीतनं आला. "घरी गेलो होतो. काकू म्हणाल्या, आदी त्यांना वाचून दाखवा."

लेकाने कार्ड वाचलं नि ओरडला, "तात्या, वाघ्या पास! कंबर चांगली हाय!"

कावळा लगेच खाली उतरला नि पिंडाला शिवला. त्याला हुसकायला वाघ्या असा धावला, की थेट लाटेत जाऊन पडला.