सूर्याला लावलेलं तूप

गच्चीवरच्या ज्या कॅमेऱ्यावर वहिनींचं संशोधन चालायचं, त्याच्या काचेला मी साजूक तूप फासलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण या वहिनींइतकी सरळ नजरेची बाई अख्ख्या बहरीनमध्ये नाही आणि त्यांच्यापासून फार वेळ काही लपत नाही.

वहिनी म्हणजे माझ्या बँकेतल्या मित्राची बायको. मुहर्रकमध्ये आम्ही एकाच इमारतीत राहायचो, ते वरच्या मजल्यावर, आम्ही त्यांच्या खाली. वहिनी पुण्याच्या, वातावरणशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या. इमारतीला त्यातलं 'डॉक्टर' एवढंच कळलं होतं, त्यामुळे लिफ्टमध्ये लोक त्यांना गुडघे दाखवायचे. वहिनी गुडघा नीट बघायच्या आणि म्हणायच्या, "माझं काम विमानांच्याही वर सुरू होतं. हा फार खाली आहे." तळमजल्यावर दुकान चालवणारे रत्नागिरीचे चाचा एकदा मला म्हणाले, "हितं ढगच नाय, मंग बाय पगार कसला घेते?" चुगली हा माझा हातखंडा, मी ते तत्परतेने वर पोचवलं. वहिनी घरातल्याच चपलांनी खाली गेल्या आणि साबणाच्या खोक्यांना टेकून त्यांनी चाचांची शिकवणी घेतली. मोठा ज्वालामुखी फुटला की त्याचा वायू ढगांच्याही वर जातो, तिथे त्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात, त्यांना धुऊन काढायला तिथे पाऊस नसतो, म्हणून ते वर्ष-दोन वर्षं तरंगतात, थोडं ऊन अडवतात आणि पृथ्वी जराशी गार होते. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग जुलैत एक फोडा की."

मीही तेच विचारलं, फक्त सुशिक्षित शब्दांत. विमानाने मुद्दामच असं काही फवारलं तर? वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला. "भाऊजी, तुमच्या घरात एसीचा रिमोट एकच आहे आणि त्यावरून रोज भांडण होतं, मला वर ऐकू येतं. जगाचा रिमोट कोणाच्या हातात देणार? कुणाचा पाऊस पळेल त्याने, ते आधी मोजू तर दे."

रागावल्या की त्या 'द्या'चं 'दे' करायच्या.

सूर्य मावळला की लोक गच्चीवरून उतरतात, वहिनी तेव्हा चढायच्या. वर त्या थेंबांचा थर असेल तर सूर्य बुडाल्यावर थोड्या वेळाने आकाशात जांभळा उजेड चढतो, आणि तो बघण्यापायी त्या हळदीकुंकवापासून बारशापर्यंत सगळीकडे उशिरा पोचायच्या. मंडळाच्या गणपतीची आरती एकदा त्यांच्यासाठी खोळंबली. त्या धापा टाकत आल्या, तबक हातात घेतलं आणि देवाआधी खिडकीतून पश्चिमेकडे बघितलं.

त्या वर्षी दूर कुठेतरी ज्वालामुखी फुटला होता. त्याचा थर आपल्या डोक्यावर कधी येतो, याकडे वहिनी लग्नाचं वऱ्हाड यायचं असावं तशा डोळे लावून बसल्या होत्या. थर आला की सूर्याभोवती फिकट तपकिरी कडं दिसतं म्हणे. नेमकं गणपतीत त्यांना पुण्याला जावं लागलं. कॅमेरा आपोआप फोटो पाठवायचा, फक्त त्याच्या काचेच्या घुमटावरची धूळ रोज पुसायची होती. त्यासाठी त्यांनी मला एक खास पांढरं कापड दिलं. मी त्याने पहिल्याच दिवशी गाडी पुसली. मग स्वयंपाकघरातून मलमलचा एक छान मऊ तुकडा उचलला आणि घुमट असा चोळला की त्यात मी दिसायला लागलो.

दोन-तीन दिवसांनी दुपारी पुण्याहून फोन. "भाऊजी, कडं आलं." आवाज इतका हळू, जणू जोरात बोललं तर कडं उडून जाईल. संध्याकाळी परदेशातल्या सहकाऱ्यांसोबत त्यांची मीटिंग होती, तिथे त्या हे जाहीर करणार होत्या. बरीच वर्षं वाट बघितलेली बातमी, आणि पहिली त्यांच्या गच्चीवरून. मी लगेच स्वतःला अर्धा शास्त्रज्ञ समजून चाचांना मोदक देऊन आलो. परत येतो तर सुमन, म्हणजे माझी बायको, ओट्याशी काहीतरी शोधत होती.

"साच्याला तूप लावायचं फडकं बघितलंस का रे?"

घुमटावर फिरवलेला मलमलचा तुकडा म्हणजे तेच फडकं. मी सुचवलं की गुपचूप घुमट पुसून टाकू, उद्या कडं गेलं तर आकाशाचा दोष. सुमनने फोन माझ्या हातात दिला. त्या चार लोकांसमोर वहिनींचं हसं झालं असतं, त्यांचा शब्द पुन्हा कुणी धरला नसता. मी सगळं सांगितलं. वहिनींनी पहिला प्रश्न विचारला.

"तूप घरी कढवलेलं की डब्यातलं?"

"घरचं."

"मग रवाळ असणार. तरीच कडं इतकं सुरेख आलं."

मीटिंगमध्ये त्यांनी हा किस्सा स्वतःच रंगवून सांगितला. परत आल्यावर घुमटाच्या एका बाजूला बोटाने तूप लावून फोटोही काढले, पुढच्या वेळी फसायला नको म्हणून.

खरा थर हिवाळ्यात आला. वहिनींनी आम्हाला सगळ्यांना गच्चीवर बोलावलं, चाचा दुकान उघडं टाकून आले. सूर्य गेला, अंधारायला लागलं, आणि मग पश्चिमेकडून जांभळा उजेड हळूहळू वर चढला. विमानतळाकडे उतरणारं एक विमान त्यातून गेलं. वहिनी आकाशाकडे बघतच नव्हत्या, आमच्या तोंडांकडे बघत होत्या.

मित्राचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ते पुण्याला गेले. गच्चीवर आता कॅमेऱ्याच्या स्क्रूची भोकं तेवढी आहेत. सूर्य मावळल्यावर मी उगाच वर जाऊन उभा राहतो, सुमन हाका मारते तरी उतरत नाही. मागच्या आठवड्यात पश्चिम पुन्हा जांभळी वाटली. मी घाईघाईने मोबाइलवर फोटो काढून वहिनींना पाठवला आणि खाली लिहिलं, वहिनी, आपला थर परत आला का?

लगेच उत्तर आलं.

"आधी मोबाइलची काच पुसा. नको, राहू दे. तू नको पुसूस, सुमनला सांग."