वीज गेली नव्हती

साळवे बाईंची गाणी वीज गेल्यामुळे गेली नाहीत. ती मी पुसली. हे गावात आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरातही नाही. बाईंना सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो, तेवढ्यात गेल्या महिन्यात पाथर्डीहून त्यांच्या भावाचा फोन आला, "सर, अक्का गेली. झोपेतच." मी "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपण 'बरं' म्हणालो...

कर्जतमध्ये माझा संगणकाचा क्लास आहे. बाई इथल्या शाळेत इंग्रजी शिकवत. निवृत्त झाल्यावर एका दुपारी आल्या आणि म्हणाल्या, "मराठी टायपिंग शिकवा. सर्टिफिकेट नको, ते लावायला भिंत उरली नाही." त्यांच्या आईची सारी हयात ऊसतोडीत गेली होती. फडात मोळ्या बांधताना, पाचटानं शाकारलेल्या कोपीत भाकरी थापताना बाया जी गाणी म्हणत, ती बाईंना गोळा करायची होती. पाथर्डीकडच्या वस्त्यांवर जाऊन त्या कॅसेटवर गाणी भरून आणत, क्लासात कानाला टेपरेकॉर्डर लावून टाइप करत आणि मग त्याच कॅसेटवर पुढची गाणी भरत. "जुनी कॅसेट ठेवू का?" असं त्यांनी मला विचारलं होतं. "कशाला? आता मशीनमध्ये आहे की," हे माझं उत्तर. दोन वर्षांचं काम असं एका फोल्डरमध्ये साठलं.

मशीन रडायला लागलं म्हणून मी एकदा, बाई वस्त्यांवर गेल्या असताना, सगळी सिस्टिम नव्यानं टाकली. फायली तशाच राहिल्या, पण मराठी फॉन्ट परत घालायचा राहिला. फॉन्ट नसला की मराठी मजकूर ओळखू येत नाही. पडद्यावर नुसती तिरपी चिन्हं, कंस, टिंबं दिसतात. त्याच आठवड्यात डिस्कवर जागा कमी पडली तेव्हा मी तो फोल्डर नाव न बघताच उघडला, तो सगळा कचरा पाहिला, कुठल्या तरी पोराचा उद्योग समजलो आणि पुसून टाकला. पुसलेल्या फायलींची टोपलीसुद्धा रिकामी केली. दुसऱ्या दिवशी बाई येऊन बसल्या, शोधायला लागल्या, तेव्हा कुठे तो कचरा काय होता ते मला कळलं.

"काल लाईट गेली होती बाई, त्यात काहीतरी झालं असणार," मी म्हणालो. हे वाक्य कर्जतमध्ये कुणी तपासत नाही.

क्लास नवा होता. सरांनीच बाईंचं काम पुसलं, ही गोष्ट गावात फिरली असती तर पोरी कुणी पाठवल्या नसत्या. असं मी स्वतःला समजावलं. खरं तर बाईंच्या तोंडाकडे पाहायची हिंमत नव्हती, एवढंच.

त्या काळात आम्हाला अडलं की एकच दार होतं. परदेशातल्या काही हौशी लोकांचा गट ई-मेलवर संगणकाच्या अडचणी सोडवायचा. पुण्याला एसटीडी लावून जोडणी मिळवायची, प्रश्न पाठवायचा आणि उत्तराची वाट पाहायची. माझं इंग्रजी लंगडं, म्हणून क्लासाचे प्रश्न बाईच लिहून द्यायच्या. आधी काय केलं, मग काय दिसलं, काय करून पाहिलं, असं ओळीनं. हाही प्रश्न त्यांनी तसाच लिहिला, फक्त पहिली ओळ माझी होती: वीज गेली आणि त्यानंतर फोल्डर दिसेना.

उत्तरं भराभर आली, सगळी वीज धरून. एकानं मात्र वेगळं लिहिलं. बाईंनी ते मराठीत वाचून दाखवलं: "रागावू नका, पण कुणी पुसलं तर नाही ना? पुसलं असेल तर मशीन आत्ता बंद करा. वर नवं काही लिहिलं नाही तर पुसलेलं बहुतेक परत मिळतं." चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "काय कळवू सर?"

"छे, कुणी हातही लावलेला नाही."

मशीन बंद केलं असतं तर कबुलीच झाली असती. म्हणून ते चालूच ठेवलं. आठवडाभर पोरं त्यावर अर्ज टाइप करत राहिली. मग गुपचूप पुसलेलं शोधायचा प्रोग्राम लावून पाहिला, तर काही उरलं नव्हतं.

बाई रडल्याभेकल्या नाहीत. "आई म्हणायची, फड पेटला तरी बुडखे राहतात, ऊस पुन्हा फुटतो," म्हणाल्या आणि पुन्हा वस्त्यांवर निघाल्या. एकदा मीही बरोबर गेलो. गयाबाई म्हणून एक म्हातारी. पहिल्या खेपेला सगळ्यांत जास्त गाणी तिनंच दिली होती. ती बाईंना म्हणाली, "आता कुठलं आठवतंय बाई? तवा तुमी लिवून घेतलं, म्हून म्या सोडून दिलं."

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. आतून थोड्या वेळानं हसण्याचा आवाज आला. गयाबाई म्हणत होती, "ती न्हाई आठवत, पर मुकादमाच्या बायकोवर रचल्यालं एक हाय. तवा लाज वाटली म्हून दिलं न्हाई. आता कशाची लाज, घ्या लिवून." दुसऱ्या खेपेला अशी गाणी निघाली, जी पहिल्या खेपेला कुणी दिलीच नव्हती. या वेळी बाईंनी एकही कॅसेट पुन्हा वापरली नाही.

पुढे त्या ई-मेलच्या गटाची वेबसाइट झाली. सगळे जुने प्रश्न उत्तरांसकट तिथं मांडले गेले. शब्द टाकला की सापडतात. आधी शोधा, मगच विचारा, असा नियम झाला. मला ते रुक्ष वाटलं. बाई खूश. "वर्गात दरवर्षी तेच सांगून माझा घसा गेला सर. इथं एकदा सांगितलं की पुढच्याला आयतं." पण नवख्याला कुणी तिथं झापलं की बाई मध्ये पडायच्या, त्याचा मोडका प्रश्न नीट लिहून द्यायच्या. "विचारणाऱ्याला लाज वाटली की तो निम्मं दडवतो," असं एकदा म्हणाल्या. टाइप करता करता, माझ्याकडे न बघता... त्यांना कळलं होतं की काय, मला अजून माहीत नाही.

गेल्या महिन्यात त्या गेल्यावर मी त्या साइटवर बाईंचा प्रश्न शोधला. होता. खाली कितीतरी जणांनी 'माझंही असंच झालं' लिहून विजेचे उपाय करून पाहिलेले. माझं खोटं जगभर कामाला लागलं होतं. मी माझ्या लंगड्या इंग्रजीत खाली लिहिलं: वीज गेली नव्हती. मी पुसलं, विचारल्यावर नाही म्हणालो आणि मशीन चालू ठेवलं. तुम्ही असं करू नका.

एकानं मला चांगलंच सुनावलं. बरोबरच होतं ते. मग केनियातल्या एका शाळेच्या कारकुनानं लिहिलं: निकाल माझ्याच हातून पुसले गेले होते, हे वाचून साहेबांना खरं सांगितलं, मशीन तिथल्या तिथं बंद केलं, पोरांचे जवळजवळ सगळे निकाल परत मिळाले. ते वाचून मी क्लासात एकटाच हसलो. बाई असत्या तर ही बातमी आधी त्यांनाच सांगितली असती.

त्यांच्या भावानं दुसऱ्या खेपेच्या, बाईंच्या टाइप करायच्या राहिलेल्या कॅसेटी माझ्याकडे दिल्या आहेत. संध्याकाळी क्लास सुटला की टाइप करायला बसतो. कॅसेटवर मध्येमध्ये बाईंचा आवाज येतो, "हं, पुढं?" त्यात माझा वेळ बरा जातो, त्यामुळे त्याला फेड म्हणता येणार नाही.

गयाबाई अजून आहे. तिची पहिली गाणी मी पुसली, हे तिच्यासमोर बसून तिला सांगणं मी देणं लागतो.