ऊसाहेबाचे बेट आणि नेमाभाऊ

नेमाभाऊ गेल्याचे वर्तमान मला, मी लोकांचे अर्ज लिहून देतो त्या कचेरीच्या आवारात, एका वाटणीच्या अर्जाचा मसुदा अर्ध्यावर आला असताना कळले. त्यांचा पुतण्या सुभाष सायकल भिंतीला टेकवून माझ्या टेबलासमोर उभा राहिला. मग म्हणाला, "बापू, काका गेले. आंघोळ केली, चहा मांगला, आन् चहा घेऊन येतो तं खुर्चीतच मान कलंडली होती..." हाती घेतलेला मसुदा पुरा केल्याशिवाय लेखणी खाली ठेवायची नाही, हा माझा इतक्या वर्षांचा नियम. त्या दिवशी तो मोडला. समोर बसलेल्या दोघा भावांना मी म्हटले, तुमची वाटणी उद्या करू, आज माझा एक माणूस गेला आहे. आता त्याला काही आठवडे लोटले. या पुरवणीच्या वाचकांपैकी आमच्या तालुक्याच्या गावाबाहेरचे कोणी नेमाभाऊंना ओळखत असतील असे वाटत नाही. परंतु आमच्या गावाच्या नदीत एका ब्रह्मी वकिलाच्या, म्हणजे ब्रह्मदेश सरकारच्या राजदूताच्या, नावाचे बेट आहे, हे पुष्कळांनी ऐकले असेल आणि ऐकून हसलेही असतील. ते नाव देणारा माणूस हाच.

नेमाभाऊंचे घराणे मूळचे शिरपूरचे, जैन, कापडाच्या धंद्यातले. मिसरूड फुटण्याच्या आतच चुलत्याने त्यांना रंगूनला नेले. तिथे दुकान वाढले, आणि शेजारच्या गल्लीतल्या माखिन नावाच्या ब्रह्मी मुलीशी त्यांनी लग्न केले. इकडे शिरपूरला त्या बातमीने काय झाले असेल, ते वाचकांनीच ताडावे. एक मुलगी झाली. तिचे नाव श्वे. त्यांच्या भाषेत श्वे म्हणजे सोने, म्हणून नेमाभाऊ तिला सोनी म्हणत. माखिनबाईंना त्यांनी आपली बोली शिकवली होती आणि दुकानातल्या मराठी हिशेबवहीवरून अक्षरेही. "आमची वऱ्हाडी तिच्या तोंडून आयकाले पायजे होती, बापू," ते मला सांगत, "गाणं म्हणून राह्यली असंच वाटे."

पुढे तिकडे राज्य बदलले, दुकाने सरकारजमा झाली आणि आपल्या लोकांना जहाजे भरभरून परत यावे लागले. नेमाभाऊही आले. माखिनबाई तिथल्या नागरिक; त्यांना देश सोडण्याची परवानगी मिळाली नाही. चार-सहा महिन्यांची गोष्ट आहे, मी तिकडे जाऊन व्यवस्था करतो, असे बंदरावर सांगून नेमाभाऊ निघाले. पुतण्याच्या किराणा दुकानात एक खुर्ची त्यांच्यासाठी मांडली गेली. लुंगीवर बंद गळ्याचा कोट घालून ते तिथे बसत. गावाने त्यांना 'रंगूनवाले' म्हणायला सुरुवात केली, आणि महिन्यांची वर्षे झाली.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते प्रथम माझ्या टेबलाशी आले. तक्रार कोणाविरुद्ध, असे मी रिवाजाप्रमाणे विचारले. ते म्हणाले, तक्रार नाही, ओळख द्यायची आहे. मग सांगितले. रंगूनच्या त्यांच्या दुकानात संध्याकाळी एक तरुण अधिकारी येऊन बसत असे. चहा पीत असे, कापड पाहत असे, क्वचित घेत असे. ऊ लिन म्यात हे त्याचे नाव. 'ऊ' हा त्यांच्याकडे आदराचा शब्द, आपल्या रावासारखा. नेमाभाऊंच्या लग्नाला तो आला, जेवला आणि निघताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला की पुढे कधी अडचण आली तर मला कळवा. तोच माणूस चढत चढत आता आपल्या देशाच्या वतीने दिल्लीला वकील होऊन आला आहे, असे नेमाभाऊंनी वर्तमानपत्रात वाचले होते. त्या एका वाक्याचा केवढा आधार त्यांना होता! वर्षानुवर्षे बंद पेटीत जपलेला शालू बाहेर काढावा तसे ते वाक्य त्यांनी माझ्यापुढे उलगडले.

माखिनबाईंना आणि मुलीला इकडे येण्याची परवानगी मिळवून द्यावी, असा मसुदा मी केला. शिक्षण सातवीपुरते असले तरी मसुद्याच्या बाबतीत या पंचक्रोशीत माझा शब्द शेवटचा मानला जातो, हे मी नम्रपणे नमूद करतो. हायस्कूलच्या मास्तरांकडून त्याचे इंग्रजी करून घेतले आणि रजिस्टर पत्राने दिल्लीला पाठवले. पोचपावतीचे कार्ड परत आले. त्यावर कोणाची तरी एक तिरपी सही होती. नेमाभाऊ ते कार्ड घेऊन कोर्टाच्या शिपायापासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांकडे गेले. "साहेबाच्या हाती पोचलं," म्हणाले. उत्तर मात्र आले नाही. दुसरा अर्ज केला, मग तिसरा. दर वेळी कार्ड येई आणि दर वेळी तो आनंद.

आपल्या भागातला एक रिवाज आहे. कोणाकडे मोठे काम असले तर आधी त्याचा मान करावा, मग मागणे मांडावे. पाहुण्याला पाट दिल्याशिवाय विषय काढू नये. आपले चुकले ते इथेच, असे नेमाभाऊंनी मनाशी ठरवले. साहेबाला आपण मागत राहिलो, दिले काहीच नाही. धोबीघाटाच्या खाली, बाजाराच्या पुलाच्या अलीकडे, आमच्या नदीच्या पात्रात एक बेट आहे. बेट म्हणजे काळा खडक, त्यावर धरलेली माती, दोन बाभळी आणि लव्हाळे. दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढीच जागा. त्याला कोणी नाव दिलेले नव्हते. नेमाभाऊंनी ते साहेबांना द्यायचे ठरवले. मी म्हटले, नाव द्यायचे तर रीतसर मंजुरी हवी. अर्ज केला. उत्तर आले की दप्तरी अशी कोणतीही जागा आढळून येत नाही. मला वाईट वाटले. नेमाभाऊ खूष झाले. "जागाच नाई तं नाव लावाले कोन अडवते?" म्हणाले, आणि कासमभाई पेंटरकडे गेले.

कासमभाईंनी पाटी रंगवली खरी, पण जिभेला लगाम घातला नाही. "रंगूनवाले, नदीत पाटी लावून राह्यले तुमी. मच्छ्यायले वाचता येते काय?" नेमाभाऊ म्हणाले, मासे वाचणार नाहीत, पण ज्याचे नाव आहे तो वाचायला येईल. आपल्या नावाच्या गावी माणूस एकदा तरी येतोच. घाटावरच्या बायकांनी नाव तोंडात बसेल तेवढेच घेतले, आणि आठवड्याभरात 'ऊसाहेबाचं बेट' सगळ्या गावाचे झाले. पुढे दुष्काळाच्या साली नदी कोरडी पडली, बेटाभोवती पाणीच उरले नाही, गुरे चालत त्यावरून जाऊ लागली, तेव्हा कासमभाईंनी पुन्हा छेडले की आता तुमचे बेट गेले. नेमाभाऊ दुकानाच्या पायरीवरून शांतपणे म्हणाले, "पाणी गेलं म्हणून नाव जाते काय, मियां?"

आणि साहेब येणार, अशी खरोखरच बातमी आली. नागपूरला बौद्ध बांधवांचा मोठा मेळावा होता, त्याला ब्रह्मी वकील यायचे होते आणि तिथून मोटारीने अजिंठ्याकडे जायचे होते. नागपूर-औरंगाबाद रस्ता आमच्या फाट्यावरून जातो. नेमाभाऊंनी माझ्याकडून निमंत्रण लिहून घेतले. त्यात मागणे एक शब्दानेही नको, असे त्यांनी बजावले, फक्त मान. त्या दिवशी बेटावर केळीचे खांब उभे राहिले, पाटीला नवा रंग चढला. गाव पहिल्यांदाच हसायचे थांबले होते. मी स्वतः स्वागतपर चार शब्द लिहून ते पाठ केले होते. नेमाभाऊ हार घेऊन सकाळपासून फाट्यावर उभे होते. मोटारी गेल्या, मालमोटारी गेल्या, कारंज्याकडची एस.टी. येऊन धूळ उडवून गेली. प्रत्येक काळ्या मोटारीला ते एक पाऊल पुढे टाकत. ऊन कलले तसे लोक एकेक करून परतले. मी त्यांना चला म्हटले. ते म्हणाले, "बापू, तुमी जा. माणूस उशिरा येऊ शकते." दिवेलागणीला हार घेऊन ते पायीच परत आले आणि नदीत उतरून त्यांनी तो पाटीला घातला. पुढे वर्तमानपत्रात आले की प्रकृती बिघडल्यामुळे साहेब नागपूरहूनच विमानाने परतले.

त्यानंतर फार काळ गेला नाही. एका सकाळी सुभाषच्या दुकानात रद्दीचा कागद पुडीसाठी फाडता फाडता नेमाभाऊंचा हात थांबला. आतल्या पानावर लहानशी बातमी होती. साहेब वारले होते. नेमाभाऊ उठले, नदीवर गेले आणि अंगावरच्या कपड्यांसकट त्यांनी बुडी मारली. दूरच्या नातलगाचे वर्तमान कळल्यावर आपण करतो, ते स्नान. घाटावरच्या बायकांनी धोपटणी खाली ठेवली. ओल्या लुंगीने ते बेटावर बसून राहिले.

मला राहवले नाही. मी पाण्यात उतरून त्यांच्याजवळ गेलो आणि म्हटले, नेमाभाऊ, ज्या माणसाने एका ओळीचे उत्तर दिले नाही, त्याचे सुतक कशाला? पाटी काढून टाकू. त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता.

"पाटी काहून काढू? उत्तर नाई देल्लं, खरं हाय. पण दुसरं कोन होतं मले, लिहाले?"

हे वाक्य मी पुढे अनेकांना ऐकवले. कचेरीत, चहाच्या टपरीवर, एकदा तर सत्काराच्या भाषणातही. माणसाला दाद मागायला जगात एक तरी जागा असावी लागते, असा त्याचा अर्थ मी सांगत असे आणि ऐकणारे माना डोलावत. आमच्या धंद्याचे सगळे मर्म मला त्या वाक्यात दिसत होते...

शेवटची भेट त्यांच्या जाण्याआधी थोडे दिवस झाली. दुकानात गिऱ्हाईक नव्हते. नेमाभाऊ थकलेले दिसत होते, पण बोलायच्या मनःस्थितीत होते. सोनीचे लग्न झाले असेल का, तिला मुले असतील का, आणि ती त्यांना आपली बोली शिकवत असेल का, असे ते स्वतःशीच विचारत होते. मी सहज म्हटले, वहिनींच्या पत्रात काय असते? मग हळूहळू जे बाहेर आले ते असे. सुरुवातीची काही वर्षे माखिनबाईंची पत्रे येत. मोठाली अक्षरे, एका पानावर पाच-सहा ओळी, वऱ्हाडीत. प्रत्येकात एकच प्रश्न, काम कुठवर आले. नेमाभाऊ लिहीत, होत आले. पहिला अर्ज दिल्लीला गेला, तेव्हा त्यांनी ठरवले की आता साहेबाचे उत्तर आल्यावरच लिहायचे. हाती काही घेऊन लिहायचे. उत्तर आले नाही. तिकडून दोन-तीन पत्रे आली, मग तीही बंद झाली.

"मंग तिले काय लिहू, बापू? काम नाई झालं, हेच किती खेपा लिहू? तोंड दाखवाले काही पायजे का नाई?"

मी म्हटले, नुसते खुशालीचे लिहायचे. ते हसले आणि म्हणाले, नुसत्या खुशालीसाठी कोणी पत्र लिहिते का? खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटत आले होते. कारणाशिवाय, विनंतीशिवाय कागद खराब करू नये, हे मीच लोकांना शिकवत आलो. वरच्याकडे लिहायला आम्हाला येत होते. त्याच्या पदव्या, त्याचे मायने, त्याच्या पायाशी ठेवायचे शब्द, सगळे तोंडपाठ. आणि रंगूनच्या एका गल्लीत एक बाई, जिच्याकडे मागायचे काहीच नव्हते, जिने परतीच्या टपालाने उत्तर दिले असते, ती आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आली नाही. दुसरे कोण होते लिहायला, असे त्यांनी बेटावर विचारले, तेव्हा मी मान डोलावली होती. होते की, नेमाभाऊ... ती होती.

दिवसकार्य आटोपल्यावर सुभाष माझ्याकडे आला. म्हणाला, "काकूले कळवा लागते. तुमी लिहजा. मले नाई जमत." मी त्याला दुकानात परत पाठवले आणि त्या दिवशी येणारी सारी कामे परतवली. कागद पुढे ओढला. अर्जात पहिल्या ओळीला मला कधी क्षणाचाही विचार करावा लागत नाही. परंतु इथे लेखणी पहिल्याच अक्षराशी अडली. 'सौ.' लिहावे तर ते आता खरे नव्हते. 'श्रीमती' लिहावे तर पत्र वाचण्याआधीच त्या शब्दाने सगळे सांगून टाकले असते. शेवटी दोन्ही सोडले आणि लिहिले, 'माखिन वहिनींस'. पुढे लिहिले की नेमाभाऊ गेले. त्रास झाला नाही. ते रोज तुमची आणि सोनीची गोष्ट सांगत. तुम्हाला लिहिले नाही, ते विसरले म्हणून नव्हे. एवढेच. बेटाविषयी लिहावे असे वाटले, पण काय लिहिणार? आमच्या नदीत त्यांनी तुमच्यासाठी एका परक्या माणसाच्या नावाची पाटी लावली, हे पत्रात कसे बसवावे ते मला कळले नाही. अक्षरे मात्र मुद्दाम मोठी काढली, वहिनींना वाचायला सोपी जावीत अशी.

पाकीट बंद केल्यावर सुभाषकडे पत्ता विचारायला जावे म्हणून मी उठलो आणि पुन्हा बसलो. घर, गल्ली, पेठ, रंगून... विचारण्याची गरजच नव्हती. दिल्लीला गेलेल्या प्रत्येक अर्जात 'अर्जदाराच्या पत्नीचा सध्याचा पत्ता' या शब्दांपुढे मीच तो लिहीत आलो होतो. इतक्या वर्षांत हाताला तो पाठ झाला होता. पाकिटावर मात्र पहिल्यांदाच लिहिला.