आबादीवाले अण्णा

जमिनीच्या तुकड्याची आजारी माणसासारखी विचारपूस करणारा माणूस अख्ख्या हैदराबाद संस्थानात एकच होता, आणि नेमका तोच माझ्या वाट्याला शेजारी म्हणून आला होता. एका किराणा दुकानदाराच्या घरामागच्या चार खोल्यांपैकी दोन माझ्याकडे भाड्यानं होत्या, दोन अण्णांकडे. बिदरकडचा आमचा तालुका लहान, कचेरी त्याहून लहान. तिथं मी नकलनवीस होतो, म्हणजे एकानं लिहिलेला कागद दुसऱ्यासाठी उतरवून काढणारा, आणि अण्णांकडे आबादीचं काम होतं. गावठाणाला तेव्हा सरकारी कागदांत आबादी म्हणत. गावठाणाबाहेर कुणाला घर बांधायचंय, कुणाला दुकान, कुणाला भट्टी, अशी प्रत्येक दरख्वास्त अण्णांकडे यायची. त्यांनी जागा बघायची, तिथं काय होऊ द्यावं आणि काय नको याची कैफियत लिहायची, आणि तिच्यावर तहसीलदारसाहेबांनी सही करायची. बाकीच्या तालुक्यांत हे काम करणारे लोक मोजणीची साखळी टाकून तासाभरात परत येत. आमचे अण्णा उजाडायच्या आत जागेवर जायचे, सतरंजी अंथरायचे, छत्री रोवायचे, भाकरीचं गाठोडं आणि पाण्याचा तांब्या शेजारी ठेवायचे आणि दिवस मावळेपर्यंत नुसते बसून राहायचे. एका नव्या तहसीलदारांनी त्यांना एकदा बोलावून, एका जागेला अख्खा दिवस कशाला लागतो, असं विचारलं होतं. अण्णा म्हणाले, "साब, जमीन मुँह से बोलती नै. दिनभर बैठे तो बोलती." साहेबांना ते पटलं की त्यांनी हात टेकले, हे मला अजून कळलेलं नाही, पण पुन्हा कुणी विचारलं नाही एवढं खरं.

या बसण्याचे प्रताप किती सांगावेत! एका कुंभाराला ओढ्याच्या काठावर भट्टी घालायची होती. धूर कुठं जातो हे बघायला अण्णांनी कुंभाराकडूनच ओल्या गोवऱ्या पेटवून घेतल्या आणि स्वतः वाऱ्याच्या तोंडाशी बसले. संकोचून कुंभारही शेजारी बसला. दोघांचे डोळे लाल, नाकातून पाणी, बोलायची सोय नाही. वाटेनं चाललेल्या एका म्हातारीला वाटलं, या दोघांचं कुणीतरी गेलंय. ती बिचारी त्यांच्याजवळ बसून, होणारं कुणाला चुकलंय, असं समजावू लागली आणि धुरामुळं थोड्या वेळानं तीही रडायला लागली. भट्टी शेवटी ओढ्याच्या पलीकडं गेली. दुसऱ्या एका सरकीच्या व्यापाऱ्याला बाजाराच्या तोंडाशी गोदाम हवं होतं. त्यानं अण्णांच्या घरी कमठाण्याचे टोपलीभर पेरू पाठवले. अण्णांनी टोपली तशीच उचलून त्या जागेवर नेली आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर एकेक पेरू ठेवला. दुपारपर्यंत टोपली रिकामी झाली. कैफियतीत त्यांनी लिहिलं की, या जागेवरून अर्ध्या दिवसात टोपलीभर माणसं जातात, सबब इथं गोदाम घालता येत नाही. तो कागद मीच उतरवला होता. 'टोपलीभर माणसं' खोडून काहीतरी सरकारी घालावं म्हणून मी त्यांची मनधरणी केली, पण ते ऐकेनात.

त्यांच्या नकाशांचीही एक शिस्त होती. जे जमिनीवर आहे ते शाईनं काढायचं, घर असो, विहीर असो की पायवाट. जे कुणी मागितलंय ते पेन्सिलीनं. मागणी मंजूर झाली आणि बांधकाम उभं राहिलं, की पेन्सिलीवर शाई चढायची. नामंजूर झाली की अण्णा त्याच संध्याकाळी पेन्सिल रबरानं खोडून टाकायचे, आणि इतकी साफ की कागद उजेडाला धरला तरी माग लागू नये. नुसतं मागितलेलं नकाशात राहू देऊ नये, त्यानं पुढच्या माणसाची दिशाभूल होते, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा एक रेघ चुकून तशीच ठेवली तर ते दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले.

अशा माणसाशी संसार करायचा म्हणजे काय ते अक्काला विचारावं. अक्का म्हणजे त्यांची बायको, आणि साऱ्या गल्लीची थोरली बहीण. अण्णांच्या पिशवीत चुन्याची फक्की कायम असायची, आणि घरातही लोणच्याची बरणी, जोडे, वाळवणं, सगळ्याच्या हद्दी पांढऱ्या रेघांनी आखलेल्या. माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याच्या चुली आणि वऱ्हाडाचे जोडे यांच्या जागा आदल्या दिवशी मांडवात बसून ठरवल्या होत्या, आणि खोटं कशाला सांगू, त्या लग्नात एकही जोडा हरवला नाही. अक्कानं एकदा जातं खिडकीपाशी सरकवायचं म्हटलं तर अण्णा विचारात पडले. "आता जात्यापाशीबी दिवसभर बसणार काय?" असं तिनं विचारलं, तर हे खरंच सतरंजी घेऊन आले.

अक्का हे सगळं हसून घ्यायची. तिचं दुःख एकच होतं, स्वतःचं घर नव्हतं. आमचा घरमालक माणूस बरा, पण भिंतीला खिळा मारू द्यायचा नाही. अठरा वर्षं तिचे कपडे दोरीवर आणि तिची तुळस तुपाच्या रिकाम्या डब्यात. घराचा विषय निघाला की ती खोल्या किती, छप्पर कशाचं, यातलं काही बोलायची नाही. खुंट्या कुठं मारायच्या, ते बोलायची. चुलीच्या डाव्या हाताला चार खुंट्या, म्हणजे चाळण, सूप, कंदील आणि स्वतःचं जुनेर, असा तिचा हिशेब पक्का होता. साऱ्या गावाला घरासाठी जागा नेमून देणाऱ्याच्या बायकोनं तुळस डब्यात लावावी, हे मला फार लागायचं. मीच अण्णांच्या मागं लागलो, आणि अखेर त्यांनी गावाच्या कडेच्या लिंबाजवळच्या जागेसाठी दरख्वास्त दिली. तहसीलदारसाहेब खुश झाले. तुमच्याच जागेची तुम्ही काय कैफियत लिहिणार, आणा, आत्ता सही करतो, असं ते म्हणाले. अण्णा ऐकेनात. मग निदान दुपारचे जाऊन या, तेव्हा तिथं कुणी नसतं, असं मी त्यांना कानात सुचवलं. ते म्हणाले, "दुपारी जागा झोपलेली असती."

ते पहाटेच गेले. भाकरी घेऊन अक्का मागून गेली, आणि तिच्यानं राहवेना. तिनं अण्णांच्या पिशवीतली फक्की काढली आणि लिंबाखाली आपलं घर आखलं. दोन खोल्या, चूल, दारात तुळस. मग धनगरवाड्यातल्या बायका पाण्याला निघाल्या. गोड्या पाण्याची विहीर लिंबाच्या पलीकडं होती आणि त्यांची वाट बरोबर त्या जागेतून, म्हणजे आता अक्काच्या स्वयंपाकघरातून जात होती. पहिली बाई पांढऱ्या रेघेशी थबकली आणि तिनं विचारलं, "अक्का, आत यू का?" अक्का हसली आणि तिला ये म्हणाली. त्या येत राहिल्या, जात राहिल्या. संध्याकाळपर्यंत चुलीची रेघ पावलांनी पुसून गेली होती. अण्णांनी कैफियत लिहिली, नामंजूर.

मी त्यांच्यावर इतका चिडलो होतो की सांगता सोय नाही. अक्का भांडली नाही. तिनं घरी येऊन दोन खोल्यांच्या मधोमध चुन्याची रेघ ओढली आणि अण्णांना पलीकडचा भाग दिला. अण्णांनी ती हद्द आठ दिवस पाळली. तपकिरीची डबी अक्काच्या बाजूला राहिली होती, ती मिळावी म्हणून त्यांनी मला रीतसर दरख्वास्त लिहायला लावली. ती वाचून अक्काला हसू आलं, आणि नवव्या दिवशी तिनं केरसुणीनं रेघ झाडून टाकली. घराचा विषय मात्र तिनं पुन्हा काढला नाही.

विषय काढला तो धनगरवाड्यानं. त्या पावसाळ्यानंतर एक दिवस तिथली एक म्हातारी कचेरीत आली आणि अण्णांच्या मेजासमोर खाली बसली. "आमी आता लिंबाला वळसा घालून जायलाव. जागा मोकळी झालीया. अक्काचं घर होऊ द्या," असं म्हणून ती उठून गेली. अण्णा पुन्हा बसायला गेले. या खेपेला अक्काही पहाटेपासून सोबत होती. मी कचेरी सुटल्यावर पोचलो, तर जुन्या वाटेवर गवत आलेलं आणि नवी वाट लिंबाच्या पलीकडच्या खडकाळ उतारावरून गेलेली. अण्णांनी दौत उघडली होती, टाक हातात होता. ते 'मंजूर' लिहिणार होते, हे मी शपथेवर सांगतो.

तेवढ्यात विहिरीकडून एक पोटुशी बाई आली. डोक्यावर घागर, कमरेवर कळशी. उताराशी ती थांबली, पाय चाचपून टाकला, पुन्हा थांबली. अक्का बघत होती. "तुम्ही रोज असंच फिरून जायलाव?" तिनं विचारलं. त्या बाईनं, लई न्हाई, चार पावलांचा तर फेर, असं काहीसं सांगितलं. अक्का उठली. त्या बाईच्या कमरेवरची कळशी तिनं आपल्या कमरेवर घेतली आणि गवतातून, जुन्या वाटेनं, आपल्या स्वयंपाकघरातून सरळ चालू लागली. ती बाई मागं थबकली तशी अक्कानं तिला हाक मारून आपल्यामागं बोलावलं. मग मागं न बघताच अण्णांना म्हणाली, "लिवा, हितं वाट हाय म्हणून."

अण्णांनी लिहिलं. त्यानंतर नऊ वर्षं ते त्याच दोन खोल्यांत राहिले आणि तिथंच गेले. अक्का तुळशीचा डबा मांडीवर घेऊन गाणगापूरकडच्या भावाच्या घरी गेली. गाडीत बसताना तिनं मला जपून राहायला सांगितलं.

पुढं राज्य बदललं, आणि जुन्या नकाशांच्या स्वच्छ प्रती काढायचा हुकूम आला. ते काम माझ्याकडेच आलं. अण्णांचे नकाशे उतरवणं सोपं होतं, पेन्सिलीचा कुठं मागमूस नाही. लिंबाजवळचा कागद उघडला. विहिरीकडं जाणारी वाट शाईनं सरळ काढलेली होती, आणि त्याच वाटेवर, रबर न लागलेला, पेन्सिलीचा एक बारीक चौकोन होता. त्याला नंबर नव्हता, नाव नव्हतं. दाराशी एक ठिपका, तो तुळशीचा. आत एक अर्धगोल, ती चूल. तिच्या डाव्या हाताच्या भिंतीवर चार बारीक काड्या काढल्या होत्या. अण्णांच्या कोणत्याच नकाशात असली खूण मी पाहिली नव्हती, त्यामुळं ते काय आहे हे कळायला मला वेळ लागला. त्या खुंट्या होत्या.

हुकुमाप्रमाणं पेन्सिलीचं काही उतरवायचं नव्हतं. मी वाट शाईनं काढली, ती वाळू दिली, आणि मग पेन्सिलीला टोक करून घेतलं.