वर बघणारी केळी

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, गावच्या व्हॉलीबॉलचे पंच. यावलजवळच्या आमच्या गावात घरच्या केळीच्या बागेला लागून मैदान आहे. तिथल्या उंच लाकडी घोडीवर आबा शिट्टी घेऊन बसले की देवाचंही ऐकत नाहीत. एकदा त्यांचीच म्हैस सुटून मैदानात शिरली. आबांनी सामना थांबवला नाही. म्हैस नेटखालून निघून गेली आणि खेळ चालू राहिला.

मी धुळ्याला, देवपुरातल्या शाळेत चित्रकला शिकवते. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण आबांनी माझं एकही चित्र धड बघितलं नव्हतं. दाखवायला गेलं की "छान" म्हणायचे आणि चष्मा पुसत बसायचे. मला याचा मनापासून राग यायचा. म्हणून यंदा दिवाळीच्या सुट्टीत मैदानावर खेळणाऱ्या पोरांनी घोडीसमोरची भिंत रंगवायला सांगितली, तेव्हा मी लगेच पदर खोचला. आबा रोज संध्याकाळी त्या भिंतीकडे तोंड करून बसणार. आता बघितल्याशिवाय जातात कुठे!

भुसावळ मागे टाकून तापी ओलांडली की एसटीच्या खिडकीत सातपुडा येतो. सकाळी निळा, दुपारी धुरकट, आणि उन्हं उतरली की जांभळं खाल्लेल्या जिभेच्या रंगाचा. तो मी तीन दिवसांत भिंतीवर आणला. पुढे केळीची बाग, आणि मधोमध हा भला मोठा घड. अख्खं गाव बघून गेलं, कोणी काही बोललं नाही. रंगकामामुळे तीन दिवस खेळ बंद होता, त्यामुळे आबा आले ते चौथ्या दिवशी सकाळी. बघितलं, आणि हसायलाच लागले. हसता हसता खाली बसले.

"पोरी, ह्या केयी माना खाली घालून कायले बसल्या? बागीत कोनी मेलं का?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी काही बोलायच्या आत आबांनी मला बागेत नेलं, एका घडाखाली उभं केलं आणि म्हणाले, "मान वर कर."

घड खाली लोंबत होता, पण प्रत्येक फणीतलं एकेक केळं वळून आभाळाकडे तोंड करून होतं. सगळीच्या सगळी! पानांतून गाळलेलं ऊन त्यांच्यावर पडलं होतं. मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. अठरा वर्षं घरच्या बागेतली केळी खाल्ली, आणि चित्रात काढली मात्र हातगाडीवर पालथी मांडलेली. वर्गातल्या मुलांनाही तशीच शिकवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. लाज वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला.

"मग गावातलं कोणी बोललं का नाही?" मी विचारलं.

"आबाची सून हाये, त्यात मास्तरीन. तुले कोन सांगीन?"

दुपारपर्यंत मी सगळा घड पुन्हा रंगवला. संध्याकाळी शेजारच्या गावाशी सामना होता, आणि ऑइलपेंट काही वाळला नव्हता. बॉल भिंतीला लागला की हिरवा होऊन परत यायचा. दोन्हीकडच्या पोरांचे तळहात हिरवे, कपाळं हिरवी. मला हसूही आवरेना आणि केळ्यांच्या काळजीनं जीवही खालीवर होत होता. शेवटच्या सेटला चौदा-चौदा झाले. आमच्या एका पोरानं उडी मारून असा शॉट हाणला की बॉल रेषेपाशी टप्पा घेऊन थेट घडावर आपटला.

शिट्टी वाजली. आबा घोडीवरून उतरले, भिंतीपाशी गेले आणि नाक लावून एकेक फणी तपासली.

"आबा, पॉइंट कोणाचा?" पाहुण्या संघाच्या कप्तानानं विचारलं.

"आधी रंग सुकू दे. मंग सांगतो."

म्हशीसाठी न थांबलेला सामना थांबला. दोन्ही संघ मैदानातच मांडी घालून बसले. आबांनी एक खुर्ची भिंतीसमोर ओढली, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, आणि माझं चित्र बघत बसले.