मागच्या अंगणातलं छप्पर

नवऱ्यानं टाकल्यावर ती बॅग घेऊन सख्ख्या भावाच्या दारात गेली, पण वहिनीनं बॅग उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही.

"पाहुण्या म्हणून कधीही या हो वन्सं, पण मुक्कामाला घरात जागा कुठाय?"

दादा पेपरात डोकं खुपसून बसला. आतून आईनं विचारलं, "कोण आलंय गं?" वहिनीनं दार लोटून घेतलं.

तिनं भाड्याची खोली घेतली आणि एका खासगी कंपनीत नोकरी धरली. कंपनीचा स्वतःचा उपग्रह होता, असेल फ्रीजएवढा. रोज सकाळी तो शहरावरून जाई, फोटो काढी, आणि कंपनी ते नगरपालिकेला विकी. जुन्या आणि नव्या फोटोत फरक दिसला की संगणक तिथं लाल चौकट काढायचा. पण पक्कं छप्पर कुठलं आणि ताडपत्री कुठली, हे त्याला कळत नसे. ते ठरवायला माणसं बसवली होती, त्यांतलीच ती एक. ती चौकट निरखायची, 'बांधकाम' नाहीतर 'ताडपत्री' दाबायची आणि पुढं जायची. बांधकाम निघालं आणि परवानगी नसली, की आधी नोटीस आणि मग बुलडोझर.

एक दिवस चौकट दादाच्या मागच्या अंगणावर आली. गल्लीचं वळण, गच्चीवरची टाकी, सगळं ओळखीचं. अंगणात नवाकोरा पत्रा चकाकत होता.

मला जागा नव्हती, आणि आता हिचं घर वाढतंय!

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण वाकून म्हणाली, "अडकलीस का गं? ताडपत्री म्हण आणि सोड. कुणाच्या बापाचं काय जातंय?"

तिनं 'बांधकाम' दाबलं. त्या दिवशी तिला डबा गोड लागला.

दादानं नोटीस मनावर घेतली नाही. पुढं एका सकाळच्या फोटोत पत्रा गायब होता. ढिगाऱ्याशेजारी एक लांबट, फिकट डाग होता. तिनं फोटो मोठा केला, तसा डागही फुटला. काय ते कळेना.

संध्याकाळी दादा तिच्या दारात उभा राहिला. मागं टेम्पोत गादी होती आणि गादीवर आई.

"अंथरुणात सगळं होतं तिचं. हिला वास सहन होईना, म्हणून मागं शेड घातली होती. पाडली मेल्यांनी. पलंगासकट आईला उन्हात आणून ठेवली. उचलताना हातातून सुटली, खुबा गेला. आता तू ठेव."

"आई त्या शेडमध्ये होती?"

"मग? घरात जागा कुठाय?" दादानं तिच्याकडं निरखून पाहिलं. "ते वरचं यंत्र तुमच्याच कंपनीचं ना?"

"यंत्राला काय कळतंय, दादा," ती म्हणाली आणि गादीचं एक टोक धरलं.

आईला आता कूस बदलता येत नाही. लेक कामावरून आली, की आईच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो.

"ज्यानं माझं छप्पर दाखवून दिलं ना, त्याला शेवटचं पाणी द्यायलाही कुणी उरू नये. म्हण गं तूसुद्धा!"

"उरू नये," ती म्हणते आणि पेला आईच्या ओठांना लावते.